वावर, वकिली आणि संसद: पंजाबराव देशमुखांच्या वाटेवरून नवीन पोरापोरींसाठी

बारावीचे आणि ग्रॅज्युएशनचे निकाल लागले की गावाकडून फोन सुरू होतात. ताई एलएलबी करू का, त्यात पैसे मिळतात का, आणि आजकाल हळूच एक तिसरा प्रश्न पण येतो की वकिली करून पुढे राजकारणात जाता येतं का. मी अमरावती जिल्ह्यात तालुका कोर्टात आणि त्यापेक्षा जास्त महसुली कामात वकिली करते, घरी कोरडवाहू वावर आहे, कपाशी तूर सोयाबीन, त्यामुळे हे प्रश्न मला परके वाटत नाहीत. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा बसून सगळं लिहून टाकते.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. पंजाबराव देशमुख, आपले भाऊसाहेब. नाव सगळ्यांना माहीत असतं, अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे, पुतळे आहेत, जयंती होते, पण त्यांनी नेमकी वकिली कशी केली आणि तिथून दिल्लीपर्यंत कसे गेले हे विचारलं तर लॉच्या पोरांना पण सांगता येत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, कारण शेतकऱ्याच्या घरातून कायद्यात येणाऱ्याला यापेक्षा चांगला नकाशा मिळणार नाही.

जन्म २७ डिसेंबर १८९८, गाव पापळ, आई राधाबाई, वडील शामराव, मूळ आडनाव कदम. शाळा तुकड्या तुकड्यांत झाली, थोडी पापळला, मग चांदूर रेल्वे, कारंजा, आणि मॅट्रिक अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमधून. आज आपल्याला वाटतं की चांगलं शिक्षण एकाच ठिकाणी सलग झालं तरच होतं, पण जिथे पुढचा वर्ग असेल त्या गावाला जायचं हीच तेव्हाच्या खेड्यातल्या पोरांची रीत होती. मग पुण्याला फर्ग्युसन, आणि १९२० च्या सुमारास थेट इंग्लंड. वडिलांनी त्यासाठी जमीन गहाण टाकली असं आमच्याकडे सांगतात. तिकडे एडिंबरोला संस्कृत घेऊन एमए, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर डॉक्टरेट, आणि सोबत बॅरिस्टरी. कुणब्याचा पोरगा वेदांवर ऑक्सफर्डात प्रबंध लिहितो ही गोष्ट त्या काळात किती मोठी होती ते आज नीट कळत नाही.

पण नव्या मुलांनी नीट वाचावीत ती वर्षं यानंतरची आहेत, १९२६ ते १९३३. मंत्रिपद नंतर आलं, त्याबद्दल सगळेच बोलतात. माझ्या मते माणूस घडला तो या सात वर्षांत.

१९२६ ला परत आले आणि मुंबईत किंवा नागपुरात न बसता अमरावतीत वकिली सुरू केली. बॅरिस्टरला तेव्हा मोठ्या शहरात काय किंमत होती विचार करा. आणि येताच नुसतं कोर्ट धरलं नाही, खेड्यातल्या पोरांना शहरात राहायची सोय व्हावी म्हणून श्रद्धानंद वसतिगृह काढलं. १९२७ ला अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली, त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब आंबेडकर अमरावतीच्या परिषदेला आले, आणि भाऊसाहेब त्या बाजूने उघड उभे होते. त्याच महिन्यात त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय लग्न केलं. विमलाबाई पुढे स्वतः संसदेत गेल्या. म्हणजे नुकतीच वकिली सुरू केलेला माणूस, ज्याचे पक्षकार गावोगावचे पाटील आणि शेतकरी, तो गावाला न रुचणाऱ्या दोन गोष्टी एकाच वर्षात करतो. वकिलीत सुरुवातीला सगळे सांगतात की कोणाला दुखवू नका, पक्षकार तुटतात. हा माणूस १९२८ ला जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष झाला. अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्यामागे लागले.

मग १९३० ला मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि मंत्री झाले, शिक्षण, शेती, सहकार अशी खाती. आता तो काळ बघा. १९२९ नंतर जगभर मंदी, कापसाचे भाव कोसळलेले, आणि वऱ्हाड म्हणजे कापूसच. भाव पडला तरी सावकाराच्या चिठ्ठीतला आकडा कमी होत नाही, व्याज चढतच जातं. सावकार कोर्टात दावा टाकतो, कास्तकार तारखेवर येत नाही कारण त्याला समन्सवर काय लिहिलंय तेच कळलं नाही किंवा पेरणी चालू आहे, एकतर्फी डिक्री होते, म्हणजे त्याचं न ऐकताच निकाल लागतो, आणि वावर लिलावात जातं. अमरावतीत वकिली करणाऱ्या माणसाला हे रोजच्या रोज दिसत असणार. त्यातून मध्यप्रांताचा १९३३ चा कर्ज लवाद कायदा आला. सावकार आणि कर्जदार यांना एका मंडळासमोर बसवायचं, कर्जाचा हिशोब उघडा करायचा, आणि फेडता येईल इतक्यावर तडजोड करून हप्ते बांधून द्यायचे. अशा धर्तीचा हा देशातला अगदी सुरुवातीचा कायदा, नंतर इतर प्रांतांनी पण तसे केले. पंजाबात रोहतकचे वकील छोटूराम हेच काम करत होते, तिकडचा कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा १९३४ चा. दोघंही शेतकऱ्याच्या घरचे, दोघंही जिल्हा कोर्टातले.

मला या सगळ्यातून कळतं ते एवढंच, आणि नव्या मुलांना मी हेच सांगते, की कोर्टात रोज जे दिसतं त्याची नोंद ठेवणारा वकीलच पुढे सभागृहात कामाचं बोलू शकतो. भाषण सगळ्यांना येतं. पण एकतर्फी डिक्री नेमकी कुठल्या टप्प्यावर थांबवता आली असती हे ज्याला माहीत आहे त्यालाच कलम लिहिता येतं.

आता तुमच्याकडे येते. ॲडमिशनचं आधी. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, ग्रॅज्युएशननंतर तीन वर्षांचा, दोन्हीला महाराष्ट्राची लॉ सीईटी वेगवेगळी असते, खुल्या प्रवर्गाला आधीच्या परीक्षेत ४५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना त्यापेक्षा कमी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा वेगळी. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबई अशी तीन राष्ट्रीय विद्यापीठं आपल्या राज्यातच आहेत, जमत असेल तर क्लॅट नक्की द्या, पण नाही लागलं म्हणून हताश होऊ नका. तालुक्याच्या कामात तुमचं कॉलेज कोणतं हे पक्षकार विचारत नाही, तो विचारतो तुम्हाला फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, वाचता येतो का. बीएस्सी ॲग्री करून तीन वर्षांच्या एलएलबीला येणारी मुलं मला जास्त आवडतात, पिकाची नुकसानभरपाई, बियाण्याची केस, विम्याचं भांडण, यात त्यांना अर्धं आधीच येत असतं.

पुस्तकं घेताना एकच बघा, १ जुलै २०२४ पासून फौजदारीचे तिन्ही मोठे कायदे नवीन लागू झालेत, तेव्हा सीनियर मुलांचे जुने नोट्स स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका. सिव्हिलचे चालतील.

पास झाल्यावर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करायची. पूर्वी ठिकठिकाणच्या बार कौन्सिल भरमसाठ फी घ्यायच्या, जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिलंय तेवढीच फी घ्यायची, म्हणजे ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, स्टॅम्प ड्युटी असेल ती वेगळी. गरीब घरच्या मुलांसाठी हा फार मोठा निकाल आहे, लक्षात ठेवा आणि कोणी जास्त मागितले तर या निकालाचं नाव घ्या. त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षा दोन वर्षांच्या आत पास व्हायची, खुल्या आणि ओबीसीला ४५ टक्के, नोट्स नसलेला बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, सोबत नेता येतो. ती अवघड नाही, पण बेअर ॲक्टमध्ये कलम पटकन शोधायची सवय नसेल तर वेळ पुरत नाही.

सनद घेतली की पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, शेती मात्र करता येते. हे मी मुद्दाम सांगते कारण बरीच मुलं विचारतात की वावर नावावर असलं तर चालतं का. चालतं. मी स्वतः पेरणीच्या दिवसांत तारखा मागेपुढे करून घेते, आणि माझे निम्मे पक्षकार मला वावरातून आलेली बघूनच मोकळं बोलतात.

सीनियरकडे बसणं हा खरा अभ्यासक्रम. सुरुवातीला पैसे जवळपास मिळत नाहीत, काही ठिकाणी पेट्रोलपुरते मिळतात, हे घरी आधीच सांगून ठेवा, कारण घरच्यांना वाटतं काळा कोट घातला की कमाई सुरू. सीनियर निवडताना माझा एकच निकष, तो तुम्हाला स्वतः ड्राफ्ट करू देतो का. नुसता मुद्दत अर्ज, म्हणजे पुढची तारीख मागायचा अर्ज, घेऊन पळवणारा सीनियर नको. आणि त्याच्या मुनशीशी, म्हणजे कारकुनाशी, नीट वागा, नक्कल कुठे मिळते, रोजनामा (कोर्टाची तारखेवार नोंद) कसा वाचायचा, कुठल्या टेबलवर फाइल अडते, हे तोच शिकवतो.

आणि शेतकऱ्याच्या घरचे असाल तर महसुली काम शिका. बरेच नवीन वकील तहसीलला जायला कमीपणा मानतात, त्यांना फौजदारी हवं असतं कारण त्यात नाव होतं. पण गावातली निम्मी भांडणं सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणी आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, असतात, आणि ती सगळी आधी पटवारी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, एसडीओ (उपविभागीय अधिकारी) या साखळीतून जातात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ हा कायदा उशाशी ठेवा. फेरफाराची नोंद चुकीची मंजूर झाली तर त्यावर अपील असतं, साधारण ६० दिवसांत करायचं असतं, आणि लोक येतात सहा सात वर्षांनी, मुलीचं लग्न किंवा बँकेचं कर्ज निघाल्यावर सातबारा काढतात तेव्हा. मग उशीर माफीचा अर्ज आणि त्यावरच पहिली लढाई.

पांधणीचं, म्हणजे वावरात जायच्या रस्त्याचं, एक सांगते कारण हे काम तुमच्याकडे नक्की येणार. समजा शेजाऱ्याने वापरातला रस्ता नांगरून टाकला. तेव्हा मामलतदार कोर्ट ॲक्ट १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ता आधीपासून नव्हताच आणि नवीन हवाय तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३, तिथे धुऱ्यावरून वाट मागता येते. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि नव्या वकिलांच्या अर्जात दोन्ही एकत्र कालवलेल्या असतात, मग तहसीलदार अर्ज फेटाळतो आणि तोपर्यंत सहा महिने निघून गेलेले असतात. पक्षकाराला पहिला प्रश्न हाच विचारा की रस्ता आधी वापरात होता का आणि कधीपासून बंद झाला. आणि स्वतः जाऊन वावर बघा. कागदावर नकाशा बघून बोलणारा वकील आणि चिखलात उभं राहून बघितलेला वकील, तहसीलदाराला दोन मिनिटांत फरक कळतो.

भूसंपादनात पण तेच. रस्ता, धरण, रेल्वे, काहीतरी येतं आणि पैसे वाटपाच्या दिवशी कास्तकार जिथे सांगतील तिथे सही करतो. २०१३ च्या कायद्यात वाढीव मोबदला मागायचा तर पैसे हक्क राखून, म्हणजे निषेध नोंदवून घेतलेले पाहिजेत, नुसतीच सही केली तर कलम ६४ चा अर्ज करायला अडचण येते. मुदत पण कडक आहे, निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. हे एक वाक्य वेळेवर गावात जाऊन सांगणारा वकील लोकांना आयुष्यभर लक्षात राहतो.

बहिणींच्या हक्कसोड पत्राचं कामही येईल. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, आणि त्या तारखेला वडील हयात नसले तरी आहे हे २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय. भाऊ घेऊन येतो आणि बहीण गप्प बसलेली असते. मी दहा मिनिटं तरी तिच्याशी एकटीने बोलते, तिला कागद वाचून दाखवते, मग ती म्हणेल तसं. काही भाऊ उठून दुसऱ्या वकिलाकडे गेलेत. जाऊ द्या.

सावकारी आजही आहे. १९३३ चा कायदा इतिहासजमा झाला तरी महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ आहे, त्याच्या कलम १८ खाली अवैध सावकाराने व्यवहारात लाटलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, व्यवहार अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतला असेल तर. कागदावर खरेदीखत असतं आणि आत खरं तर कर्ज असतं. ते सिद्ध करायला साक्षीपुरावे, ताबा कोणाकडे राहिला, पेरा कोणी केला, किंमत बाजारभावाशी जुळते का, असं एकेक जोडावं लागतं. मी हे काम करताना खरंच भाऊसाहेबांची आठवण काढते, कारण नव्वद वर्षांनंतरही रोग तोच आहे आणि औषध पण त्याच घराण्यातलं.

आता राजकारण. ज्यांना जायचंय त्यांनी घाई करू नये पण लाजू पण नये. भाऊसाहेबांचा क्रम बघा, जिल्हा कौन्सिल, मग प्रांताचं कौन्सिल, मग संविधान सभा, मग लोकसभा. आज ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांना २१ वर्षं पूर्ण लागतात, विधानसभा आणि लोकसभेला २५, राज्यसभेला ३०. लोकसभेला अनामत २५ हजार, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी, आणि वैध मतांच्या एक षष्ठांश मतं नाही मिळाली तर ती जप्त. खासदार झाल्यावर वकिली सोडावी लागते का असं विचारतात, तर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आमदार खासदारांना वकिली करायला बंदी नाही. माझं मत वेगळं आहे, दोन्ही एकदम नीट होत नाही, पण कायदा असा आहे.

निवडणूक न लढता पण संसदेचं काम जवळून बघता येतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या दिल्लीच्या संस्थेची लॅम्प नावाची फेलोशिप आहे, २५ वर्षांपर्यंतच्या पदवीधरांना एका खासदारासोबत काम मिळतं, प्रश्न तयार करायचे, विधेयकाचा अभ्यास करून द्यायचा, खासगी विधेयकाचा मसुदा करायचा. खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेली, शुक्रवारी दुपारी येतात, आणि स्वातंत्र्यानंतर मोजून चौदा कायदे त्या वाटेने झालेत, शेवटचा १९७० ला. म्हणजे मंजूर होईल या आशेने कोणी करत नाही. पण मसुदा लिहिताना व्याख्या कशी करायची, अपवाद कुठे ठेवायचा, अधिकार कोणाला द्यायचा हे हाताला लागतं, ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

आणि संविधान सभेच्या चर्चा वाचा, संसदेच्या वेबसाइटवर फुकट आहेत. ११ ऑगस्ट १९४९ ला नागरिकत्वाच्या कलमावर भाऊसाहेब बोलले, त्यांचं म्हणणं होतं की या मसुद्याने भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त होईल, आणि त्यांनी स्वतःची दुरुस्ती मांडली. ती मान्य झाली नाही. त्यांच्या मताशी मी सगळीकडे सहमत नाही, उलट मसुद्याची बाजू घेणाऱ्या नेहरूंचं मला त्यात जास्त पटतं, पण वकिलाने कलमातला एकेक शब्द धरून कसं बोलावं ते तिथे शिकायला मिळतं. इंग्रजी सोपं आहे, डिक्शनरी घेऊन बसा.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं म्हणून थोडक्यात. १९५२, १९५७, १९६२ तिन्ही वेळा अमरावतीतून लोकसभेवर, नेहरूंच्या सरकारात १९५२ पासून दहा वर्षं शेती-सहकाराचं काम, जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम, १९५५ ला भारत कृषक समाज, डिसेंबर १९५९ ला दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन, ज्याला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. १० एप्रिल १९६५ ला गेले. पण १९३२ ला काढलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था आजही चालू आहे, आणि आमच्या भागातल्या कितीतरी घरांत शिकलेला पहिला माणूस तिच्याच कुठल्यातरी शाळेतून निघालेला असतो. आमच्या घरात पण तसंच.

पैशाची अडचण असेल तर एक काम आजच करा. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी, शहरात राहून शिकायला. फॉर्म महाडीबीटीवर भरायचा, रक्कम शहराप्रमाणे बदलते, तुमच्या कोर्सला लागू आहे का ते कॉलेजच्या ऑफिसात स्कॉलरशिपचं काम बघणाऱ्याला विचारा. अल्पभूधारकाचा दाखला तहसीलमधून मिळतो, त्याला वेळ लागतो, म्हणून ॲडमिशनची वाट न बघता आधीच काढा, उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल पण त्याच चकरेत. आणि दाखल्याच्या निमित्ताने घरचा सातबारा आणि आठ-अ काढाल तेव्हा स्वतः बसून वाचा, प्रत्येक रकाना, इतर हक्कात काय लिहिलंय, फेरफार नंबर कुठले, नाही कळलं तर पटवाऱ्याला विचारा, मला फोन करा, पण सीईटीच्या आधी तेवढा एक कागद नीट वाचता आला पाहिजे.